व्हिसाची रांग आणि दुभंगलेली घरे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकमधील अंबडची औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेली सिडकोची वस्ती या भागातून ज्यांची मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत गेली, त्यांच्या घरांत एक समजूत पक्की असते : मागे राहिलेल्यांचा व्हिसा रखडतो तो फाइल कुठेतरी अडकल्यामुळे, आणि चांगला एजंट गाठला की ती हलते. वस्तुतः रांग फाइलींची नसून कोट्याची आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार कायम वास्तव्याच्या, म्हणजे ग्रीनकार्डाच्या, मर्यादित गटांतील व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. लक्झेंबर्गला जी मर्यादा, तीच भारताला. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तारीख अर्जदाराचा रांगेतील क्रमांक ठरवते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे तेथील परराष्ट्र खाते दरमहा प्रसिद्ध करते. ही तारीख कोणताही एजंट पुढे सरकवू शकत नाही.

कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यास रांग टळते, हाही भ्रमच आहे, कारण येथे देश मोजला जातो तो जन्मस्थानावरून. नाशकात जन्मलेली व्यक्ती पारपत्र बदलूनही भारताच्याच रांगेत राहते. अपवाद मुख्यतः जोडीदार अन्य देशात जन्मलेला असण्याचा, आणि अंबडच्या सोयरिकींत तो विरळाच.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज लग्नासंबंधीचा आहे. ग्रीनकार्डवाला जावई म्हणजे मुलगी लगेच जाणार, असे गृहीत धरून याद्या होतात. प्रत्यक्षात एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरील तरुण पत्नीला आश्रित म्हणून एच-४ व्हिसावर तुलनेने लवकर नेऊ शकतो, कारण त्या व्हिसाला देशनिहाय कोटा नाही. मात्र ग्रीनकार्ड हाती पडल्यानंतर विवाह करणाऱ्याच्या पत्नीला कोट्याच्या रांगेत कित्येकदा काही वर्षे काढावी लागतात, आणि पती नागरिक झाल्यावरच ती मर्यादा सुटते. अधिक पक्का दर्जा असणाऱ्याचाच संसार अधिक काळ दुभंगावा, ही या कायद्यातील उघड विसंगती होय. ग्रीनकार्ड विवाहानंतर मिळाले असेल, तर त्याच अर्जाच्या आधारे पत्नीलाही नेता येते. म्हणून कार्ड आहे का, यापेक्षा ते केव्हा मिळाले, हे आधी विचारावे.

आईवडिलांचे गणित वेगळे आहे : २१ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाच्या मातापित्यांना कोटा लागू नाही, पण केवळ ग्रीनकार्डधारकाला त्यांच्यासाठी अर्जच करता येत नाही. भावंडांसाठीही अर्जदार नागरिक असावा लागतो, आणि भारतीयांची ती रांग जवळपास दोन दशकांची आहे. भावाने अर्ज केला तेव्हा पहिलीत असलेला भाचा पाळी येईपर्यंत २१ ओलांडतो. २००२ चा बालदर्जा संरक्षण कायदा त्याच्या वयातून केवळ अर्जाच्या छाननीत गेलेला काळ वजा करतो, रांगेतला नाही, आणि त्यामुळे आईवडिलांना व्हिसा मिळूनही तो मागे राहतो.