जुन्या इंजिनाचा नवा वेग

जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनांतून अधिक शक्ति कशी काढावी, याचें उत्तर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यानें आयुष्यभर खपून दिलें. त्यानें १९२० सालीं घेतलेली ‘इंडियन स्काउट’ ६०० सी.सी.ची असून ताशीं सुमारें ५५ मैल धांवे. सिलिंडर व पिस्टन स्वतः घडवून त्यानें तें इंजिन सुमारें ९५० सी.सी.पर्यंत वाढविलें, आणि १९६७ सालीं, वयाची ६८ वर्षें उलटल्यावर, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या क्षारमैदानावर ताशीं १८३ मैलांहून अधिक वेग गांठला.

यांतील मर्म वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. मोठा कार्ब्युरेटर बसविला म्हणजे इंजिनाचा श्वास वाढतो, पण हाडें जुनींच राहतात. फेरे दुप्पट झाले कीं पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांवरील जडत्वाचा ताण चौपट होतो. मन्रोचेहि कित्येक भाग तुटले. ते तो ‘वेगदेवतेस अर्पण’ अशा पाटीच्या फळीवर मांडून ठेवी.

म्हणून वडिलांची जुनी गाडी हातीं घेणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें एवढेंच, कीं आधीं रॉड, बेअरिंगें, तेलाचा पुरवठा व ब्रेक यांची बळकटी पहावी, मगच वेगाचा मोह धरावा. यंत्राचा तुटलेला भाग पुन्हा घडवितां येतो. स्वाराचा येत नाहीं.