संगणकाने पत्ता कसा वाचावा

पत्ता लिहितो एक आणि वाचतो दुसरा. लिहिणाऱ्याच्या मनातील ठिकाण वाचणाऱ्याच्या ध्यानी जसेच्या तसे उतरले तरच तो पत्ता. एरवी ती नुसती अक्षरे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, बपेरा हे गाव आहे. त्याच तालुक्यात सिहोरा आहे, आणि सीमेपलीकडे जबलपूर जिल्ह्यातही एक सिहोरा आहे. पाकिटावर नुसते 'सिहोरा' लिहून पत्र टाकले, तर ते कोणत्या सिहोऱ्यास जावे? ही अडचण टपाल खात्याला फार पूर्वीपासून जाणवत होती. तिच्यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिन क्रमांक सुरू झाला. आपल्याकडील सिहोऱ्याचा क्रमांक ४४ ने आरंभ होतो, जबलपूरकडील सिहोऱ्याचा ४८ ने. गावाचे नाव कोणत्याही लिपीत लिहिलेले असो, पत्र योग्य पिशवीत पडते.

आज पत्राइतकीच, किंबहुना अधिकच, वर्दळ महाजालावर आहे, आणि तेथेही सारा व्यवहार पत्त्यांवरच चालतो. या पत्त्याला तज्ज्ञ लोक 'यूआरआय' म्हणतात. एखादे पान, एखादे चित्र, एखादा उतारा कोठे आहे हे सांगणारी ती एक ओळ असते. मात्र ती वाचतो संगणक. टपालवाल्याला गाव माहीत असते, माणसे माहीत असतात. अक्षर चुकले तरी तो तर्काने घर शोधतो. संगणकाजवळ तर्क नाही, त्याच्याजवळ नियम आहे. नियम नीट सांगितला नसेल, किंवा दोन आज्ञावलींनी तो दोन प्रकारे ऐकला असेल, तर काय होते, हे आज आपण पाहू.

प्रथम या पत्त्याची रचना ध्यानी घ्यावी. त्याचे नियम १९९४ साली लेखी स्वरूपात आले. पुढे २००५ च्या जानेवारीत टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर या तिघांनी ते सुधारून मांडले, आणि त्यांचाच आधार आजही घेतला जातो. नमुन्यादाखल एक काल्पनिक पत्ता घेऊ:

एचटीटीपीएस://उदाहरण.भारत/गावे/बपेरा?वर्ष=२०२४#नकाशा

यात पाच भाग आहेत. दोन टिंबांपूर्वीचा भाग म्हणजे जाण्याची पद्धत. दोन तिरप्या रेघांनंतर येते ते यजमानाचे नाव, म्हणजे कोणत्या संगणकाकडे जायचे ते. मग त्याच्या घरातील वाट, प्रश्नचिन्हानंतर विचारणा, आणि शेवटी '#' या चिन्हापुढे पानातील नेमकी जागा. हा शेवटचा भाग यजमानाकडे पाठवलाच जात नाही. तो आपल्याच संगणकापाशी राहतो. ':', '/', '?', '#', '@' ही चिन्हे म्हणजे जणू शेताचे बांध. बांध कोठे आहे हे एकदा ठरले की मगच आत काय पेरले आहे ते पाहावे.

येथेच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम येतो: आधी तुकडे पाडावे, मग उलगडावे. उदाहरण आपल्या नित्याच्या व्यवहारातले घेऊ. समजा, जमिनीचा गट क्रमांक ४५/२ आहे आणि तो पत्त्याच्या वाटेत घालावयाचा आहे. यातील तिरपी रेघ ही क्रमांकाचा भाग आहे, वाटेतील बांध नव्हे. म्हणून ती सांकेतिक रूपाने, '%२एफ' अशी लिहितात. शहाणी आज्ञावली आधी खऱ्या बांधांवर तुकडे पाडील आणि मग '%२एफ' उलगडून '४५/२' असे वाचील. उतावळी आज्ञावली आधी सगळेच उलगडील. तिला मग '४५' आणि '२' असे दोन तुकडे दिसतील, आणि ती गट क्रमांक ४५ शोधू लागेल. कागद एकाचा मागितला आणि पुढे आला दुसऱ्याचा! ज्याचा पीककर्जाचा अर्ज त्या कागदावर अडला आहे, त्याला ही चूक केवळ तांत्रिक वाटणार नाही.

आता आपल्या लिपीकडे वळू. पत्त्याचे मूळ नियम ठरले तेव्हा त्यात रोमन अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे एवढ्यांनाच जागा होती. बाकीच्या लिप्यांसाठी युक्ती अशी की, प्रत्येक अक्षराचे 'यूटीएफ-८' या पद्धतीने बाइट करावेत आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन सांकेतिक आकडे यांनी लिहावा. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'ब' हे अक्षर '%ई०%ए४%एसी' असे होते. 'बपेरा' या नावात संगणकाच्या हिशेबी ब, प, मात्रा, र आणि काना अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे बाइट झाले पंधरा, आणि पत्त्यात लिहिताना चिन्हे झाली पंचेचाळीस. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील एखाद्या लेखाचा पत्ता कोणाला पाठवताना टक्क्यांची जी लांबलचक माळ दिसते, तिचे रहस्य हे असे आहे.

यातून दुसरा नियम निघतो: उलगडणे एकदाच करावे आणि गुंडाळणेही एकदाच. एका आज्ञावलीने नाव गुंडाळले आणि दुसरीने ते आधीच गुंडाळलेले आहे हे न पाहता पुन्हा गुंडाळले, तर प्रत्येक '%' चे '%२५' होते. पंचेचाळीस चिन्हांची पंचाहत्तर होतात, आणि यजमान संगणक त्या नावाचे पान नाही म्हणून सांगतो. पान असते, गावही असते. वाट मात्र हरवलेली असते.

दुसरी एक चूक आपल्या मात्रांशी निगडित आहे. संदेशात पत्ता आला की आज्ञावली तो ओळखून त्याचा दुवा करते. पत्ता कोठे संपतो हे ठरवताना ती पुढचे चिन्ह 'अक्षर' आहे की नाही, एवढेच पाहते. परंतु काही आज्ञावलींच्या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी यांची गणना अक्षरांत होत नाही. रोमन लिपीत स्वर स्वतंत्र अक्षर असतो, म्हणून व्याख्या करणाऱ्याला ते सुचलेही नसेल. परिणाम असा की 'बपेरा' मधील 'बप' एवढाच दुवा होतो आणि 'रा' मात्रेसह बाहेर राहतो.

याहून सूक्ष्म अडचण मराठीची स्वतःची आहे. 'बपेरा' चे सामान्यरूप होते 'बपेऱ्या'. बपेऱ्याचा, बपेऱ्याला, बपेऱ्याहून. यातील 'ऱ्य' मधला अर्धा र हिंदीत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा या शब्दांत आपण तो रोज लिहितो. हाच र संगणकात तीन प्रकारांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमधील 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन. दोन, साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात. पण पहिल्या रीतीने 'बपेऱ्या' ची पत्त्यात त्रेसष्ट चिन्हे होतात, उरलेल्या दोन्ही रीतींनी बहात्तर. माणसाला जो एकच शब्द दिसतो, तो संगणकाला तीन निराळे शब्द वाटतात.

यावर उपाय 'सामान्यीकरण' हा आहे. नावाची तुलना करण्यापूर्वी ती एका ठरावीक रूपात आणावीत, असा युनिकोडचा संकेत आहे. विकिपीडिया ज्या मुक्त आज्ञावलीवर चालतो ती लेखांची नावे अशा रूपात आणूनच ठेवते. त्यामुळे पहिली व दुसरी रीत एक होतात. तिसरी मात्र या संस्कारानेही एक होत नाही. तिच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला मराठीची ही तऱ्हा ठाऊक असावी लागते. ती त्याला कोण सांगणार? मराठी लिहिणाराच सांगू शकेल.

यजमानाच्या नावाचा कायदा आणखी निराळा. तेथे टक्क्यांची रीत चालत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये '.भारत' हे देवनागरी नाव खुले झाले, आणि मराठीतही संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागले. परंतु पडद्यामागे 'भारत' या शब्दाचे रोमन अक्षरांत 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे रूपांतर होते. हे करण्याची रीत २००३ साली ठरली आणि २०१० साली बदलली. जुन्या रीतीत ते न दिसणारे जोडचिन्ह गाळून टाकीत. नव्या रीतीत हलन्तानंतर आल्यास ते राखतात. म्हणजे एक आज्ञावली जुनी आणि एक नवी असेल, तर एकाच नावाने दोघी दोन दारांवर जाऊ शकतात. एकाच पत्त्यातील दोन भागांना दोन कायदे आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याने लिहिलेली आज्ञावली मराठी पत्त्यापाशी हमखास अडखळते.

येथवर वाट चुकण्याच्या गोष्टी झाल्या. याहून गंभीर प्रकार म्हणजे फसवणूक. ती होते ती तपासणारा एक आणि जाणारा दुसरा असला म्हणजे. 'लॉगफोरजे' नावाची एक मुक्त आज्ञावली जगभर असंख्य ठिकाणी वापरात आहे. २०२१ च्या डिसेंबरात तिच्यात मोठा दोष उघड झाला: बाहेरून आलेल्या मजकुरातील पत्त्यावर ती आपण होऊन जात असे. तातडीने दुरुस्ती झाली ती अशी की, पत्ता स्वतःच्याच संगणकाचा असेल तरच जावे. पण तपासणी करणाऱ्या भागाने '१२७.०.०.१#.परका' अशा धर्तीच्या नावात '#' पाशी बांध मानला आणि 'हा तर घरचाच पत्ता' असा निर्वाळा दिला. प्रत्यक्ष जाणाऱ्या भागाने '#' ला बांध मानलेच नाही. तो सबंध नाव घेऊन परक्याकडे जाऊ शकत होता. पुढल्या दुरुस्तीत ती सोयच मुळात बंद ठेवावी लागली. पहारेकऱ्याने एक नाव वाचले आणि गाडीवानाने दुसरे, अशातला हा प्रकार.

म्हणून तिसरा नियम: तपासणाऱ्याने आणि जाणाऱ्याने पत्ता एकाच नियमाने, शक्यतो एकाच आज्ञावलीने वाचावा. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ पासून चालवलेली 'कर्ल' ही मुक्त आज्ञावली पत्त्यावरून मजकूर आणण्याचे काम करते. २०१८ साली त्यांनी तिच्यातील पत्ता वाचणारा भाग इतरांनाही स्वतंत्रपणे वापरता येईल असा खुला केला. त्यामुळे तपासणी आणि प्रवास दोन्ही एकाच दृष्टीने होऊ शकतात. पत्ता वाचणे सोपे दिसते म्हणून प्रत्येकाने आपापला वाचक लिहावा, ही वृत्ती साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

कोणी विचारील, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काम, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध दुहेरी आहे. पहिला रक्षणाचा. पत्त्यात यजमानाच्या जागी '@' हे चिन्ह आले, तर खरा यजमान त्या चिन्हानंतर असतो, आधी नसतो. बँकेचे नाव आधी आणि '@' नंतर भलतेच नाव, असा दुवा संदेशात आला तर तो बँकेचा नव्हे. एवढे एक चिन्ह ओळखता आले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

दुसरा संबंध कर्तव्याचा आहे. मुक्त आज्ञावलीची घडण सर्वांना वाचावयास खुली असते, आणि दोष दाखवण्याचा अधिकारही सर्वांना असतो. अशा आज्ञावली परदेशात लिहिल्या जातात तेव्हा त्यांची परीक्षा बहुधा रोमन नावांवर होते. जी परीक्षा घेतलीच गेली नाही, तिच्यात नापास झाल्याचे कळावे कसे? आपल्यातील एखाद्या विद्यार्थ्याने 'बपेऱ्याची माहिती' एवढे दोनच शब्द पत्त्यात घालून पाहिले, तर मात्रा, अर्धा र आणि मधली मोकळी जागा या तिन्हींची कसोटी एकदम लागते. जेथे पत्ता तुटेल तेथे तो कसा तुटला हे त्याने नेमके लिहून कळवावे. जमल्यास दुरुस्तीही सुचवावी. ती एकदा स्वीकारली गेली की बपेऱ्याबरोबर वऱ्हाडाची वाट मोकळी होते, कऱ्हाडची होते, आणि मात्रा वापरणाऱ्या इतर लिप्यांतील कित्येक नावांचीही होते.

गावाचे नाव गावाच्या भाषेत लिहिता यावे आणि ते लिहिल्यावर त्या गावीच पोचता यावे, एवढीच ही मागणी आहे. टपालाच्या बाबतीत ती पुरी करण्याची तोड आपल्यातल्याच एकाने काढली. महाजालावर ते काम अर्धे झाले आहे. उरलेले अर्धे मराठी जाणणाऱ्यांनी हाती घेतल्यावाचून व्हावयाचे नाही.