जीभ टाळूला, मान ताठ

"आवंढा गिळा. आता जीभ टाळूला चिकटली ना? तशीच ठेवा." ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढणारे तंत्रज्ञ दिवसभर हे बोलत असतात. नुसतं "जीभ वर लावा" म्हटलं तर पेशंट फक्त जिभेचं टोक वर टेकवतो. मग जीभ आणि टाळू यांच्यामध्ये हवा राहते आणि वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा उमटतो. नेमकी मुळंच तर बघायची असतात!

दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर दोन-तीन अक्षरांत मावणाऱ्या या तपासणीचं पूर्ण नाव ऑर्थोपँटोमोग्राम. जपानमध्ये नुमाता यांनी 1930 च्या दशकात सगळ्या दातांचं एकच चित्र टिपण्याचे प्रयोग केले होते. पण आजच्या यंत्राचे जनक मानले जातात ते फिनलंडचे यर्यो पाटेरो.

यंत्राचं तत्त्व मजेशीर आहे. क्ष-किरणांची नळी डोक्यामागून फिरते, प्रतिमा टिपणारा भाग चेहऱ्यासमोरून. दोघांचा वेग असा जुळवलेला असतो की घोड्याच्या नालेसारखा एकच पट्टा स्पष्ट येतो, बाकी सगळं पुसट होतं. हा पट्टा दाढांपाशी ऐसपैस, पण समोरच्या दातांपाशी जेमतेम काही मिलिमीटर. म्हणून दातांत धरायच्या प्लास्टिकच्या तुकड्याला खाच असते. वरचे-खालचे पुढचे दात तिच्यात समोरासमोर बसले पाहिजेत. खाचेच्या पुढे गेले तर दात बारीक काड्यांसारखे दिसतात, मागे राहिले तर फुगलेले. हनुवटी फार खाली झुकली तर फिल्मवरचा जबडा उगीचच हसतो. वर उचलली तर तोंड पाडून बसतो. डोकं जरा वळलं की एका बाजूच्या दाढा रुंद आणि दुसरीकडच्या चेंगरलेल्या.

मानेचं दुखणं वेगळंच. यंत्रासमोर आपण सगळे खांदे पाडून उभे राहतो, मग मणक्यांची पांढरी सावली समोरच्या दातांवर येते. त्यावर उपाय म्हणजे हँडल धरून पाय अर्धं पाऊल पुढे टाकायचे आणि मान वर ताणायची. पेशंटला वाटतं, आपण मागे पडणार. तसंच वाटायला हवं.

त्याआधी दागिने उतरवायचे. कुड्या, चमकी, हेअरपिन, कवळी, सगळं. मंगळसूत्र काढायला काहीजणी का-कू करतात. पण धातूची भुताटकी खरोखर असते. डाव्या कानातल्या कुडीची मोठी, धूसर सावली उजव्या बाजूला, थोडी वर उमटते. शिशाच्या एप्रनचंही तेच. तो मानेवर चढला की खालून तिरपे येणारे किरण अडतात आणि पांढरा डाग पडतो.

लहान मुलांसाठी काही ठिकाणी आधी किरण बंद ठेवून एक रिकामी फेरी मारतात. त्या फेरीत मूल डोळे आणि मान दोन्ही फिरवून यंत्राचा हात कुठे चाललाय ते बघून घेतं. खऱ्या फेरीत मग फक्त डोळे फिरतात.