सद्भावनेचा हिशेब : तुर्तुक ते चुशूल

३ मे १९९९. बटालिकजवळच्या गारकोन गावचे मेंढपाळ ताशी नामग्याल आपला हरवलेला याक शोधत डोंगर चढले. दुर्बीण लावली, तर समोरच्या उतारावर पठाणी वेशातली माणसं मोर्चे बांधताना दिसली. ते खाली आले आणि त्यांनी लष्कराच्या ठाण्यावर वर्दी दिली. कारगिलच्या घुसखोरीच्या पहिल्या खबरांपैकी एक सैन्याला मिळाली ती अशी. सीमेवरचा माणूस सैन्याला आपलं मानतो की नाही, यावर किती जणांचे प्राण अवलंबून असतात, ते त्या दिवशी कळलं.

लोकांचा हा विश्वास कमावण्यासाठी जम्मू-काश्मीरमध्ये लष्कराचं ‘ऑपरेशन सद्भावना’ १९९८ मध्येच सुरू झालं होतं. लडाखमध्ये त्याला खरा जोर आला कारगिलनंतर. सप्टेंबर १९९९ मध्ये लेहला चौदावी कोअर उभी राहिली. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल अर्जुन रे यांनी सीमेच्या रक्षणाचा विचार सीमेवरच्या माणसापासून सुरू केला. शाळा, संगणक केंद्रं, बायकांसाठी शिवण-विणकामाचे वर्ग, दवाखाने अशी कामं निघाली.

यातलं सगळ्यात अवघड ठिकाण होतं तुर्तुक. डिसेंबर १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्या महिन्यातल्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने श्योक नदीच्या काठाकाठाने, हाडं गोठवणाऱ्या थंडीत सुमारे ८०० चौरस किलोमीटर मुलूख घेतला. चालुंका, तुर्तुक, त्याक्षी आणि थांग ही गावं भारतात आली. शिक्षणाला किंवा कामाला पलीकडच्या स्कार्दूकडे गेलेली माणसं तिकडेच राहिली. नवरा तिकडे, बायको इकडे. आईबाप इकडे, मुलगा तिकडे. बोली बाल्टी, धर्म इस्लाम, सोयरे नियंत्रण रेषेपलीकडे. अशा गावाकडे संशयाने पाहणं फार सोपं होतं, आणि तसं पाहिलंही गेलं. कारगिल युद्धात याच टापूत लढाई पेटली. ६ जून १९९९ रोजी राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन इथे धारातीर्थी पडले. तो भाग आज ‘सब-सेक्टर हनीफ’ म्हणून ओळखला जातो. अशा ठिकाणी गावकऱ्यांवर विश्वास टाकायचा निर्णय घेणं, हे माझ्या मते शाळेची इमारत बांधण्यापेक्षा कितीतरी मोठं काम होतं.

ही कामं सैन्याने का करावीत, असा प्रश्न पुण्या-मुंबईत बसून विचारता येतो. तुर्तुकच्या नुब्रा खोऱ्यात हिवाळ्यात तो वेगळा वाटतो. खारदुंग ला ही खिंड बर्फाने बंद झाली की लेहची वाट तुटते. अशा वेळी बाळंतीण अडली, तर डॉक्टर, जनरेटर, गाडी आणि हेलिकॉप्टर हे सगळं एकाच ठिकाणी असतं, ते म्हणजे लष्कराच्या छावणीत. पण उपकाराचं पारडं एकाच बाजूला झुकलेलं नाही. उंचावरच्या चौक्यांना रसद पोहोचते ती याच गावांतल्या पोर्टरांच्या पाठीवरून. नुब्राच्या तरुणांनी १९४८ मध्ये ‘नुब्रा गार्ड्स’ उभे केले, त्यांचीच पुढे ‘लडाख स्काउट्स’ झाली. सैन्य गावाला देतं, तसं गावही सैन्याला देतं. सद्भावनेच्या सरकारी अहवालांत ही दुसरी बाजू ठळकपणे यायला हवी.

काश्मीर खोऱ्यात चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. दिवसा वैद्यकीय शिबिर भरवणारा गणवेश रात्री झडतीलाही येतो. आईबाप मुलाला लष्कराच्या गुडविल स्कूलमध्ये घालतात, कारण तिथे शिक्षक रोज येतात. त्यावरून त्यांच्या मनातली राजकीय भावना ओळखता येत नाही. ३० मे २००६ रोजी वुलर सरोवरात हंदवाड्याच्या शाळेतल्या मुलांना घेऊन निघालेली नौदलाची बोट बुडाली आणि वीसच्या आसपास मुलं दगावली. गणवेशावरचा वर्षानुवर्षं जपलेला विश्वास एका दिवसात तुटतो, तो असा.

आणखी एक दुखणं आहे, ते बदलीचं. कमांडिंग ऑफिसर दोन-अडीच वर्षांनी जातो. नव्या साहेबाला नवा प्रकल्प हवा असतो, जुन्याच्या देखभालीत नाव होत नाही. शिवाय ‘लष्कर करतंय ना’ म्हणत शिक्षण आणि आरोग्य खाती मागे सरतात. मला वाटतं, सद्भावनेचं खरं यश तिचं काम नागरी यंत्रणेने पूर्णपणे हाती घेण्यात आहे. तुर्तुकला हा बदल वेगळ्या वाटेने काहीसा झाला. २०१० मध्ये गाव पर्यटकांना खुलं झालं. आता जर्दाळूच्या बागांमधल्या घरांत पाहुणे उतरतात, त्यात मराठीही पुष्कळ असतात. कमाई गावकऱ्यांच्या हातात येते. २०२३ मध्ये केंद्राने चीन सीमेवरच्या गावांसाठी ४८०० कोटींचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर केला. पहिल्या टप्प्यातल्या ६६३ गावांत लडाखची गावंही आहेत. त्याचं सुकाणू तरी नागरी प्रशासनाकडे आहे.

पण पूर्व लडाखमधल्या, चीन सीमेजवळच्या चुशूलच्या मेंढपाळांचं गाऱ्हाणं वेगळं आहे. जून २०२० च्या गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर दोन्ही सैन्यं मागे घेताना काही ठिकाणी गस्तीमुक्त पट्टे ठरले, आणि हिवाळी चराईची कुरणं आक्रसली. जानेवारी २०२४ मध्ये कळप घेऊन गेलेल्या मेंढपाळांना चिनी सैनिकांनी अडवलं, तेव्हा हे लोक तिथून हलले नाहीत, हुज्जत घालत उभे राहिले. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पश्मिना देणाऱ्या बकऱ्या जगवायच्या तर त्यांना हिवाळ्यात ते गवत लागतंच. सौर दिवा, शिवणयंत्र, शिबिर यांनी ती गरज भागत नाही. हे मागणं दिल्लीला चीनशी चर्चेच्या टेबलावर मांडावं लागेल, आणि मांडण्याआधी चुशूलला विचारावं लागेल.