पानवलचा पूल आणि गोठ्याजवळचा जॅक

रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या दरीवर कोकण रेल्वेचा पूल उभा आहे. त्याची लांबी 424 मीटर असून सर्वांत उंच खांब सुमारे 64 मीटरांचा आहे. इतक्या खोल दरीत तळापासून मचाण बांधून पूल ओतणे दुर्घट होते. म्हणून 1990 नंतरच्या दशकात तो बांधताना भारतात प्रथमच एक निराळी पद्धत योजण्यात आली. काँक्रीटच्या तुळईचा एकेक भाग काठावर ओतावयाचा, तो आधीच्या भागास जोडावयाचा आणि सारी तुळई खांबांच्या माथ्यांवरून पुढे सरकवावयाची. ही प्रचंड तुळई ढकलण्याचे काम जलदाबाच्या जॅकांनी केले.

ट्रॅक्टरच्या पेटीत असणारा बाटलीच्या आकाराचा जॅक याच कुळातला होय. नाव जलदाबाचे असले तरी त्यात पाणी नसते, तेल असते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटीमीटर व मोठ्याचे 20 असेल, तर लहानावर 25 किलोचा जोर दिल्यास मोठा 500 किलो उचलतो. मात्र लहान दट्ट्या 20 सेंटीमीटर दाबावा तेव्हा मोठा अवघा एक सेंटीमीटर वर येतो. निसर्ग फुकट काहीच देत नाही, म्हणून दांडा पुष्कळ वेळा मारावा लागतो.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. आतील वायसर फाटले वा झडपेत कचरा अडकला, तर भार क्षणात खाली येतो. ट्रॉली उचलल्याबरोबर तिच्या आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे आडवेउभे रचावेत, भार त्यांवर टेकवावा आणि मगच कोणी खाली शिरावे. कोकणात हाताशी जांभ्याचा चिरा असतो व तोच आधाराला लावण्याचा मोह होतो. चिरा घराच्या भिंतीस उत्तम. पण तो सच्छिद्र असतो, आणि लोखंडी आसाचा भार एका ठिकाणी आला की पूर्वसूचना न देता दुभंगतो. मालवाहू ट्रॉलीचा हौदा वर उचलून खाली दुरुस्ती करावयाची असल्यास त्यालाही असाच स्वतंत्र टेकू हवा.

उचलण्यापूर्वी ट्रॉली रिकामी करावी, सपाट जागी न्यावी, ट्रॅक्टरपासून सोडू नये आणि जमिनीवरच राहणाऱ्या चाकांच्या पुढेमागे पाचरी ठोकाव्यात. चाकाचे नट आधीच थोडे सैल करावेत. ट्रॉली अधांतरी असताना जोर लावल्यास ती जॅकवरून घसरते. पावसाळ्यात जमीन मऊ असते, तेव्हा जॅकखाली जाड फळी घालावी. बाटलीचा जॅक सरळ उभाच ठेवावा.

उतरवताना घाई अधिक घातक ठरते. आधी भार किंचित उचलून ठोकळे काढावेत, माणसे दूर झाल्याची खात्री करावी, आणि झडप थोडी थोडी फिरवावी. ती एकदम उघडल्यास भार आदळतो.

काम संपल्यावर दांडा पूर्ण खाली बसवून जॅक कोरड्या जागी उभा ठेवावा. तेल कमी झाल्यास उत्पादकाने सांगितलेलेच भरावे. ब्रेकचे तेल घातल्यास वायसर फुगण्याचा संभव असतो. कोकणातील दमट हवेत उघडा राहिलेला दांडा गंजतो, आणि गंजाचा खरबरीतपणा वरखाली होताना तेच वायसर कापतो.