तुमचा माल ‘स्वस्त’ आहे की ‘चीप’? एका शब्दात तुमचा गल्ला अडकलाय!



आमच्या एका बॅचमध्ये घरगुती फराळ करणाऱ्या एक ताई होत्या. हाताला चव आणि घर स्वच्छ, माल एक नंबर. दिवाळीच्या आधी त्यांनी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, ‘एकदम चीप रेटमध्ये घरगुती फराळ मिळेल.’ फोन आले, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, ‘तेल कुठलं वापरता हो?’ आदल्या वर्षी, भाव जास्त असताना, हे कुणीच विचारलं नव्हतं!

ताईंना वाटलं होतं की आपण फक्त भाव सांगितला. लोकांनी मात्र त्यातून मालाचा दर्जा ऐकला. आज बोलूया याच ‘चीप’ शब्दाबद्दल. भाषेचा तास वाटेल, पण थांबा, हा तुमच्या धंद्याचाच तास आहे.

एक शब्द, किती अर्थ?

आपण रोज हा शब्द कसा वापरतो बघा.

- ‘तिकीट चीप मिळालं.’ म्हणजे पैसे वाचले, आनंद झाला.
- ‘कापड चीप आहे.’ म्हणजे हलकं आहे, दोन धुण्यांत विटेल.
- ‘किती चीप जोक मारलास!’ म्हणजे अभिरुची नाही, थिल्लरपणा आहे.
- अमेरिकेत एखाद्या माणसाला चीप म्हटलं तर तो कंजूष, चिक्कू.

पहिला अर्थ सोडला तर एकही चांगला नाही. म्हणजे तुम्ही बोर्डावर ‘चीप’ लिहिता तेव्हा गिऱ्हाइकाने चांगलाच अर्थ घ्यावा, ही फक्त तुमची आशा असते.

मुळात हा शब्द आपलाच, व्यापाऱ्यांचा!

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सौदा, खरेदी-विक्री. लंडनमधल्या चीपसाइड रस्त्याचं नाव त्यावरूनच पडलं, कारण मध्ययुगात तिथे मोठा बाजार भरायचा. चॅपमन हे आडनावही त्याच घरातलं, म्हणजे व्यापारी माणूस. चांगला सौदा झाला की लोक ‘गुड चीप’ म्हणायचे. पुढे त्यातला ‘गुड’ गळून पडला आणि नुसता ‘चीप’ उरला. मग कमी किमतीचं म्हणजे कमी प्रतीचं, असा अर्थ त्याला चिकटत गेला.

आणि हसू नका, मराठीतही हेच झालंय. ‘सवंग’ या शब्दाचा जुना अर्थ सरळ ‘स्वस्त’ असाच होता. आज ‘सवंग लोकप्रियता’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. दोन वेगळ्या भाषांमध्ये शब्द एकाच उतारावरून घसरला. का? कारण गिऱ्हाइकाचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं. भाव कमी दिसला की ते आधी कारण शोधतं. तुम्ही कारण दिलं नाही, तर ते स्वतःच लावतं, आणि ते बहुतेक वेळा वाईटच असतं.

तीन गोष्टी, तीन धडे

१. लाखाची गाडी. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटा नॅनो आली. स्कूटरवर चौघांना बसवून नेणाऱ्या कुटुंबाला परवडणारी, सुरक्षित गाडी द्यायची, हा विचार होता. पण तिची ओळख झाली ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ अशी. ती अपेक्षेइतकी न चालण्याची कारणं अनेक होती. पण हा शिक्का बसू देणं ही चूक झाली, हे रतन टाटांनी स्वतः नंतर जाहीरपणे मान्य केलं. गाडी माणूस चार लोकांत मिरवायलाही घेतो. ‘सगळ्यात स्वस्त’ कोण मिरवेल?

२. स्वतःच्याच मालाला नावं. ब्रिटनमधले जेराल्ड रॅटनर कमी किमतीचे दागिने विकायचे, शेकडो दुकानं होती. एप्रिल १९९१ मध्ये उद्योजकांसमोर भाषण करताना त्यांनी गमतीत सांगून टाकलं की आमच्या काही वस्तू इतक्या स्वस्त आहेत, कारण त्या टाकाऊ आहेत. सभागृह हसलं, गिऱ्हाईक हसलं नाही. कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी कोसळलं, पुढच्या वर्षी त्यांना कंपनी सोडावी लागली आणि १९९३ मध्ये कंपनीचं नावही बदललं. लक्षात घ्या, माल तोच होता आणि भावही तेच होते. बदलली फक्त गिऱ्हाइकाची इज्जत.

३. निरमा. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादमध्ये सायकलवरून पावडर विकायला सुरुवात केली. भाव मोठ्या ब्रँडपेक्षा कितीतरी कमी. समोरून सर्फने ललिताजींना उभं केलं, ज्या सांगायच्या की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. तरीही निरमा घराघरांत पोचली. कारण तिच्या जाहिरातीत गरिबी नव्हती, पांढराशुभ्र फ्रॉक होता. भाव कमी, पण मान पूर्ण!

आता तुमचा हिशोब

समजा चकलीचा खर्च किलोला ३०० रुपये आहे आणि तुम्ही ४२० ला विकता. नफा १२०. घाबरून भाव ३४० केला, तर नफा उरला ४०. आधी १० किलोत १२०० रुपये सुटायचे, आता तेवढ्यासाठी ३० किलो तळावी लागेल. तिप्पट राबायचं, आणि वर ‘तेल कुठलं?’ हेही ऐकायचं!

म्हणून आज चार कामं करा.

१. बोर्ड, मेसेज, कार्ड, सगळीकडून ‘चीप’ काढून टाका. ‘रास्त भाव’, ‘परवडणारं’, ‘किफायतशीर’ हे शब्द वापरा.
२. भाव कमी असेल तर कारण सांगा. ‘दुकानाचं भाडं नाही, घरून थेट तुमच्याकडे’ एवढंही पुरतं.
३. भाव कमी करण्याऐवजी पुडी लहान करा. पाव किलोची पुडी खिशालाही झेपते आणि मालाची किंमतही टिकते.
४. ‘आपलं काय, साधंच आहे’ असं स्वतःच्या मालाबद्दल बोलणं बंद करा. विनय घरात, गल्ल्यावर नको.

त्या ताईंनी पुढच्या दिवाळीला मेसेज बदलला: ‘शेंगदाणा तेलातला फराळ, ऑर्डरनंतरच तळणार.’ भाव पुन्हा ४२०. तेलाचा प्रश्न आला नाही, उत्तर आधीच दिलं होतं ना!

स्वस्त विकण्यात कमीपणा नाही, मित्रांनो. निम्मा महाराष्ट्र भाव बघूनच पिशवी उघडतो. पण गिऱ्हाइकाला पैसे वाचल्याचा आनंद द्या, आपण हलकं काहीतरी घेतलं ही खंत देऊ नका.

चला तर मग, मोबाइल काढा आणि तुमचा शेवटचा जाहिरातीचा मेसेज परत एकदा वाचा. भेटूया पुढच्या भागात!