वेड ट्रॉफी : प्रशिक्षक बाईंच्या नावाचा मान

आपल्याकडे उत्तम प्रशिक्षकाला द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे एका प्रशिक्षक बाईंच्या नावाची ट्रॉफी दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू मुलीला देतात. १९७८ साली ती सुरू झाली. नॅन्सी लीबरमन, लिनेट वुडर्ड, शेरिल मिलर अशा दिग्गज मुली तिच्या मानकरी. माया मूरने तर २००९ ते २०११ अशी सलग तीनदा पटकावली.

ज्यांच्या नावाची ही ट्रॉफी, त्या मार्गारेट वेड यांचा स्वतःचा खेळ मात्र मध्येच थांबवला गेला होता. मिसिसिपीतल्या क्लीव्हलंड गावच्या डेल्टा स्टेट कॉलेजातून त्या तीन हंगाम खेळल्या. पुढे, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजने मुलींचा संघच मोडीत काढला. कारण काय, तर एवढी दमछाक तरुण मुलींना झेपणार नाही! मुलींनी रडून घेतलं आणि निषेध म्हणून आपले गणवेश जाळले. संघ काही परत आला नाही. मार्गारेटबाई शाळेतल्या मुलींना खेळ शिकवू लागल्या.

कॉलेजला मुलींच्या संघाची आठवण झाली ती थेट १९७३ मध्ये. आदल्याच वर्षी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा आला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना डावलणं आता परवडणारं नव्हतं. साठी ओलांडलेल्या बाईंनी नव्याने संघ उभा केला. दुसऱ्याच हंगामात, १९७४-७५ मध्ये, हा संघ २८ सामने खेळला आणि २८ जिंकला. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत सलग तीन वर्षांच्या विजेत्या इमॅक्युलाटा कॉलेजला ९०-८१ असं हरवलं. पुढची दोन्ही वर्षं विजेतेपद डेल्टा स्टेटकडेच.

बाईंच्या नावाच्या ट्रॉफीची पहिली मानकरी ठरली न्यू जर्सीच्या माँटक्लेअर स्टेटची कॅरल ब्लेझजॉव्स्की. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने एकटीने ५२ गुण केले. तीन गुणांची रेषा तेव्हा महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये नव्हती, म्हणजे ही सगळी कमाई दोन-दोन आणि एक-एक गुणाची. तरी नशीब पाहा : १९८०च्या ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली आणि अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला.

मला मात्र मानकऱ्यांच्या यादीत एक नाव नसल्याची रुखरुख वाटते : ल्युसिया हॅरिस. बाईंची तीनही विजेतेपदं जिच्या जोरावर आली, ती मिसिसिपीचीच सहा फूट तीन इंचांची कृष्णवर्णीय मुलगी. कॉलेजात २,९८१ गुण, १,६६२ रिबाउंड. महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं ते १९७६ साली, आणि तिथली पहिली बास्केट हिचीच. १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघानेही ड्राफ्टमध्ये तिला निवडलं. ती तेव्हा गरोदर होती, गेली नाही. त्याच वर्षी तिचं कॉलेज संपलं आणि ट्रॉफी सुरू झाली पुढच्या वर्षी. बाईंच्या नावाची ट्रॉफी बाईंच्या सर्वात मोठ्या शिष्येला मिळालीच नाही.

स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये मात्र मार्गारेटबाई १९८५ मध्ये, हॅरिस १९९२ मध्ये आणि ब्लेझजॉव्स्की १९९४ मध्ये दाखल झाल्या. तिथे दाखल झालेल्या पहिल्या दोन महिला खेळाडूंपैकी हॅरिस एक. दुसरी नेरा व्हाइट.